चप्पल चावते, काय करू?

"दिवसभर दुकान, आणि रात्री ते मोबाइलवर लिहीत बसायचं. त्यानं गिऱ्हाईक वाढतं का गं?" हा प्रश्न मला निपाणीत कुणी ना कुणी विचारतंच. गेल्या महिन्यात चिकोडीच्या लग्नात, काका, तुम्ही विचारलात. पंगत उठली आणि उत्तर अर्धंच राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. थोडा माल निपाणीच्या आसपासचा, बराचसा अथणी तालुक्यातला. कोल्हापुरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त कोल्हापूर येतं. जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या भागाचीच अशी सरकारी ओळख, मात्र आठ जिल्ह्यांना मिळून आहे: पलीकडचे महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अलीकडचे आमच्या कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे मी आमच्या पानावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा पुण्याच्या एका बाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे तुमच्याकडची चप्पल ओरिजिनल असते का?" काका, हा प्रश्न दुकानात उभं राहून कुणी विचारत नाही. मनात ठेवतात, चार जोड बघतात आणि "येतो परत" म्हणून जातात. लिहायला लागल्यावर मला ही मनातली गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली.

सुरुवात ठरवून झाली नव्हती. 2020 चं लॉकडाऊन उठलं, मृगाचा पाऊस लागला आणि फोन सुरू झाले. कपाटात तीन महिने पडलेल्या चपलांवर बुरशी आली होती. एकेकाला तेच सांगायचं: ओल्या फडक्यानं नको, कोरड्यानं पुसा. उन्हात ठेवू नका, कातडं कडक होऊन तडकतं. सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवा, मग एरंडेल तेलाचा हलका हात फिरवा. पंधरा-वीस जणांना सांगून घसा बसला, म्हणून ते एकदा नीट लिहून काढलं आणि सगळ्यांना पाठवलं. शेवटी एक ओळ घातली: पावसाळ्यात कोल्हापुरी वापरू नका, आणि नवी घ्यायची असेल तर आत्ता घेऊ नका, दसऱ्याला घ्या.

या ओळीवरून घरात वाद झाला. दिरांचं म्हणणं, आपणच गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणून सांगायचं? त्यांचं चुकत नव्हतं. जून-जुलैत आमचा गल्ला तसाही बसलेला असतो, त्यात ही भर. पण पावसात घेतलेली चप्पल महिन्यात फुगते, तळवा सुटतो, आणि मग माणूस म्हणतो, कोल्हापुरी टिकतच नाही. तो माणूस पुन्हा कुठल्याच दुकानात कोल्हापुरी मागत नाही. मी ओळ काढली नाही.

त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे चप्पल चावते. नवी कोल्हापुरी चावतेच, ते लपवण्यात अर्थ नाही. अंगठा आणि पट्टा यांच्या आतल्या बाजूला रात्री तेल लावा, पहिले चार-पाच दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला, पाण्यात भिजवून मऊ करायला जाऊ नका. मी एवढंच लिहिलं होतं. त्याखाली गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं की पायच रुंद असेल तर तेलानं काही होत नाही, माप देतानाच कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद दुकानदाराला द्या. बसून काढलेलं माप आणि उभं राहून काढलेलं माप यात फरक पडतो, हेही त्यांनीच लिहिलं. आता कुणी ऑनलाइन ऑर्डर दिली की आम्ही आधी त्या कागदाचा फोटो मागतो. परत येणारे जोड कमी झाले ते या एका सूचनेनं. आमच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आता माझ्याआधी ते सरच उत्तर देतात, आणि लोक माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात. बरोबरच आहे, त्यांना काही विकायचं नाही.

आता ज्या प्रसंगामुळं मी हे सोडणार नाही, तो सांगते. ग्रुपवर एकानं फोटो टाकला. दीड महिन्यात टाचेकडचा तळवा उघडा पडलेला. खाली लिहिलेलं, "हीच का तुमची खात्री?" ग्रुपमध्ये तेव्हा तीनशेवर माणसं. घरातल्यांनी सांगितलं, पुसून टाक, त्याला पैसे परत दे, विषय संपव. मी तो फोटो घेऊन दुसऱ्या दिवशी अथणीकडं गेले, आमच्या जुन्या कारागिरांकडं. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला, बोटानं फोटो मोठा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्का, ही शिवण माझ्या घरातली न्हवं. वादी वडलेली न्हाई, वर वर टाका घातलाय." कोल्हापुरीला खिळा नसतो. तळव्याचे थर कातड्याच्याच वादीनं शिवतात आणि प्रत्येक टाका ओढून बसवावा लागतो. दिवाळीच्या गडबडीत आम्ही दुसरीकडून उचललेल्या मालातला तो जोड होता.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. चूक आमची, घाईत माल तपासला नाही, या खेपेतला जोड कुणाकडं असेल तर आणून द्या, बदलून देऊ. अकरा जोड परत आले. महिन्याची कमाई गेली म्हणा. पण ज्यानं तक्रार केली होती, तोच पुढं दुसऱ्या एकाला ग्रुपवर सांगत होता की आधी विचारा, या बाई उत्तर देतात.

मोठ्या कंपन्यांचंही असंच होतं, काका. अमेरिकेत 2005 साली जेफ जार्विस नावाच्या पत्रकारानं आपल्या डेल लॅपटॉपची तक्रार जाहीर लिहिली. कंपनीनं वेळेवर दाद दिली नाही, आणि त्याखाली तशाच दुखण्याची हजारो माणसं जमली. पुढच्या वर्षी डेलनं स्वतः लिहायला सुरुवात केली. 2007 मध्ये लोकांनाच सूचना मागितल्या. लोकांनी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली मागितली, तर त्याच वर्षी कंपनीनं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घातलेली मशिनं विकायला काढली. आणि आपल्या बेंगळुरूची झिरोधा ही शेअर दलालीची कंपनी बघा. शेअर बाजाराचे धडे 'व्हर्सिटी' म्हणून फुकट वाचायला ठेवलेत, खातं उघडा किंवा नका उघडू. आधी शिकवायचं, विकायचं नंतर. आपण लहान दुकानदार हे जास्त सहज करू शकतो, कारण आपलं गिऱ्हाईक आपल्याला तोंडानं ओळखतं.

2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर जी ओरड झाली ती तुम्हाला आठवत असेल. काही दिवसांतच कंपनीला मान्य करावं लागलं की मूळ भारतीय कारागिरीत आहे. त्या दिवसांत मी रागाचं काही लिहिलं नाही. चप्पल कशी होते ते लिहिलं: कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात किती दिवस मुरतं, तळव्याला म्हशीचं कातडं का, वेणी घालायचं काम घराघरांत बायकाच कशा करतात. आमचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच. मला एक गोष्ट मात्र लागली. बाजू घेणारे बहुतेक जण "महाराष्ट्राची चप्पल" म्हणत होते. कर्नाटकातल्या, आमच्या अथणीच्या त्या बायकांचे हात कुणाच्याच बोलण्यात नव्हते.

भाषेचंही सांगते. आपल्या सीमाभागात मराठी-कानडी पाट्यांवरून काय काय होतं ते आपण लहानपणापासून बघतोय. गोकाकच्या एका गिऱ्हाइकानं कानडीत विचारलं होतं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. तो माणूस पुन्हा बोलला नाही. तेव्हापासून शेजारच्या मास्तरीणबाईंकडून कानडी मजकूर तपासून घेते आणि प्रत्येक गोष्ट मराठी आणि कानडी दोन्हींत टाकते. ज्यानं ज्या भाषेत विचारलं, त्याला त्याच भाषेत उत्तर. त्यासाठी मी चाळिशीत कानडी लिहायला शिकतेय.

तुमच्या गुळाचं म्हणाल, तर माझं मत असं: भाव टाकू नका, सणाच्या शुभेच्छांची चित्रं तर नकोतच. गिऱ्हाइकाच्या मनात एकच प्रश्न असतो, गूळ इतका पिवळाधमक कसा? त्याचं खरं उत्तर लिहा. हायड्रॉस हे रसायन घातलं की रंग उजळतो, न घातलेला गूळ तांबूस काळपट दिसतो, आणि तुम्ही कुठला विकता. दोन्ही विकत असाल तर दोन्ही सांगा. गुऱ्हाळावर काहिलीतनं पाक वाफ्यात ओततानाचा एक व्हिडिओ पुरे. आणि एक लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 च नंबर बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. आम्ही बिलावरच छापलंय, नंबर सेव्ह करून ठेवा.

धंदा वाढला का? वाढला. पण त्यातला किती लिहिण्यानं आणि किती सासऱ्यांच्या नावानं, हे मला वेगळं काढता येत नाही. मी दुसरंच मोजते: आठवड्यात किती जणांनी विकत न घेता नुसतं काही विचारलं. गेल्या आठवड्यात एकतीस.

अथणीच्या त्या कारागिरांच्या सुनेला मी विचारलं होतं, ग्रुपवर तुझं नाव टाकू का? आधी नको म्हणाली. परवा स्वतःच फोटो पाठवला, तिनं घातलेल्या वेणीचा, खाली नाव लिहून. उजेड कमी पडलाय, पण सातही पेड नीट दिसतात. आज दुकान बंद केल्यावर टाकते. तुम्हीही बघा.