256 केबीचा हिशोब

गुरुवार, रात्री साडेअकरा

नऊ दिवसांनी आज नीट जेवलो. नाहीतर ताटाशेजारी लॅपटॉप असायचाच.

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला, फीच्या पावत्या वाढल्या आणि आमचा टॉमकॅट, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारा सर्व्हर, रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मरायला लागला. मरताना अक्षरही बोलायचा नाही. लॉगमधली शेवटची ओळ कुणाच्या तरी साध्या लॉगिनची. आउटऑफमेमरीएरर (जावाची 'मेमरी संपली' ही तक्रार) नाही, चूक कुठे झाली ते दाखवणारा स्टॅकट्रेस नाही. सर्व्हर ज्या बंदिस्त चौकटीत चालतो त्या कंटेनरचा एक्झिट कोड (बंद होतानाचा आकडा) तेवढा 137, म्हणजे 128 अधिक 9. सिग्नल 9 देऊन लिनक्सनंच त्याला मारलं होतं, 4 जीबीची मर्यादा ओलांडली म्हणून.

इथे माती खाल्ली ती मी. मेमरी कमी पडतेय म्हणून एक्सएमएक्स, म्हणजे हीपची (जावाची ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीची) कमाल मर्यादा, 2 जीबीवरून 3 वर नेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर सहाऐवजी दुपारी साडेबारालाच आडवा! डोस वाढवल्यावर ताप चढला, तरी दोन दिवस मला डोसचा संशय आला नाही.

टीममधल्या नव्या मुलीनं हीपचा आलेख उघडला. करवतीच्या दातांसारखा: चढतो, जीसी (वापरात नसलेल्या ऑब्जेक्टांची सफाई) झाला की उतरतो. हीपमध्ये गळती असेल तर दातांची मुळं हळूहळू वर सरकतात. ही मुळं जागची हललेली नव्हती. ती म्हणाली, "सर, हीप तर ठीक आहे. मग खातंय कोण?"

नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग लावलं. जेव्हीएमच्या (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वहीत 3.3 जीबी, लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये 3.8. मधला अर्धा जीबी कुणाच्याच खात्यावर नाही. जेव्हीएम स्वतः घेतलेली मेमरीच तिथे लिहिते. डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिबसारख्या सी लायब्ररीनं परस्पर उचललेली तिच्या वहीत येतच नाही.

मग जेमॅपचा हिस्टो, म्हणजे हीपमध्ये कुठली ऑब्जेक्ट किती याचा तक्ता, काढला, पण सवयीनं 'लाइव्ह' जोडून. हाती काही लागलं नाही, कारण लाइव्ह म्हटलं की ते मोजण्याआधी फुल जीसी करतं. पंचनाम्याआधी अंगण झाडून काढण्यातला प्रकार. काल दुपारी बाराला, लाइव्ह न लावता, पुन्हा काढला. डिफ्लेटर (झेडलिबकडून काम करून घेणारं जावाचं ऑब्जेक्ट): 2,114. एरवी असावेत पाच-दहा.

एका डिफ्लेटरमागे झेडलिब साधारण 256 केबी धरून बसतं. कागदावर गुणाकार केला: 528 एमबी. हरवलेला अर्धा जीबी हाच.

पावती डेटाबेसमध्ये टाकण्याआधी दाबून लहान करणारं एक जुनं फंक्शन. प्रत्येक पावतीला नवा डिफ्लेटर, काम झाल्यावर मेमरी सोडणारा एंड कुठेच नाही. तसा जीसी त्या ऑब्जेक्टला कधीतरी उचलतो आणि तेव्हा खालची मेमरीही सुटते. पण जावाच्या बाजूनं ते ऑब्जेक्ट एवढंसं. जीसीला चिठ्ठी दिसते, चिठ्ठीवरचं कर्ज दिसत नाही. हीप रिकामा दिसतोय, मग घाई कशाची? मी हीप वाढवून त्याला आणखी निवांत केलं, आणि झेडलिबच्या वाट्याची जागाही खाल्ली.

दुरुस्ती म्हणाल तर फायनली (काहीही झालं तरी चालणारा भाग) आणि त्यात एंड. एक्सएमएक्स परत 2 वर. ते फंक्शन कुणी लिहिलं? कुठली ओळ कुणाची ते सांगणारं गिट ब्लेम केलं नाही. मुद्दामच.

आज सहाला आम्ही दोघं चहा घेऊन स्क्रीनसमोर बसलो. सहा वाजता 2.4 जीबी. सव्वासहा, 2.4. सात वाजता ती म्हणाली, "सर, माझी बस आहे," आणि गेली. मी साडेआठपर्यंत बसलो. 2.4.

एक मात्र राहिलं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत) रोज पहाटे दोनला सर्व्हर रिस्टार्ट करणारी एक ओळ सापडली, वर कॉमेंट: 'तात्पुरतं'. हंगाम नसताना गळती इतकी वर्षं झाकली ती हिनंच. काढायला हवी. बोट डिलीटवर होतं, पण उद्या शुक्रवार. सोमवारी बघू.