बर्लिनची कुत्री आंघोळ करतात कधी?

बर्लिनमध्ये कुत्रा एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, फिरतो, कॅफेत टेबलाखाली ताणून देतो, आणि त्याच्यासाठी मालक वर्षाला १२० युरो कर भरतो. इतका माणसांत वावरणारा प्राणी, म्हणजे त्याला दर रविवारी साबण लागत असणार, अशी साताऱ्यात आमच्या घरी सगळ्यांची खात्री आहे. तसं काही नाही. इथे ग्रुनेवाल्डझे तलावावर भेटणारे बहुतेक कुत्रेवाले शाम्पू काढतात तो कुत्रा चिखलात नाहीतर मेलेल्या माशावर लोळून आला तरच. एरवी साधं पाणी, टॉवेल आणि ब्रश.

आमचा चिकू लॅब्रॅडॉर. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि त्वचेतलं तेल त्यांना पाण्यापासून वाचवतं. दर आठवड्याला साबण लावला की ते तेल जातं, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. माणसांचा शाम्पू तर नकोच. आपली त्वचा कुत्र्याच्या त्वचेपेक्षा जास्त आम्लधर्मी असते, आपल्याला मानवणारं त्याला मानवेलच असं नाही. निरोगी कुत्र्याला साधारण दोन-तीन महिन्यांतून एकदा आंघोळ पुरते. त्वचेचा आजार असेल तर हिशोब वेगळा, तो डॉक्टरच ठरवणार.

मात्र तलावातून आल्यावर चिकूला नळाखाली धरल्याशिवाय मी घरात घेत नाही. उन्हाळ्यात इथल्या तलावांत निळं-हिरवं शेवाळ माजतं. २०१७ मध्ये टेगेलर झेच्या काठी काही कुत्री त्याच्या विषाने दगावली. कुत्रा अंग चाटतो, म्हणून धुवायचं; वासाचा इथे प्रश्नच नाही. हिवाळ्यात फुटपाथवर खडी टाकतात, तेव्हा रोज फक्त पंजे धुवायचे आणि बोटांमध्ये खडा अडकलाय का ते बघायचं.

आई म्हणते, "तिकडे थंडी आहे गं, इथे पावसाळ्यात काय करायचं?" बरोबर विचारते. पण साताऱ्याच्या पावसात साबणापेक्षा कुत्रं कोरडं ठेवणं महत्त्वाचं. ओल राहते ती बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि लोंबत्या कानांखाली, आणि बुरशी धरते तीही तिथेच. रोज फिरवून आणल्यावर जुन्या सुती साडीने खसाखसा पुसा, मग विंचरा. विंचरताना गोचीडही हाताला लागते. मानेवर सोडायचं गोचिडीचं औषध घालणार असाल, तर आधी-नंतर दोन दिवस आंघोळ टाळा, नाहीतर ते नीट पसरत नाही.

आंघोळ घालूनही दोन दिवसांत पुन्हा आंबूस वास येत असेल, तर बादली बाजूला ठेवा आणि आधी कान बघा. बऱ्याचदा वास तिथलाच असतो.