चंपाषष्ठीला जेजुरीचा गड चढताना

दिवे घाट चढून सासवडमार्गे पुण्याहून जेजुरी साधारण 50 किलोमीटर. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर स्टेशनही आहे. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे एरवीही त्या दिवशी गर्दी असतेच. चंपाषष्ठी, सोमवती अमावस्या, चैत्र, पौष आणि माघी पौर्णिमा या दिवसांना मात्र पहाटेच गडाच्या पायथ्याशी पोचावं. उशीर झाला की पायऱ्यांवर मुंगीच्या चालीनं सरकावं लागतं.

आम्ही चढायला लागलो तेव्हा अजून फटफटलं नव्हतं. पायरीपायरीवर भंडाऱ्याचा, म्हणजे हळदीच्या पुडीचा थर होता. त्यावर दव पडलं की दगड शेवाळल्यासारखे निसरडे होतात. चप्पल खालीच ठेवायची, मोजेही काढायचे. अनवाणी पायाची पकड चांगली बसते. उतरताना जास्त जपायचं, कारण तेव्हा सगळा भार टाचेवर येतो. वाटेत कमानी आणि दीपमाळा लागतात, खंडोबाची बायको बाणाई हिचं ठाणं लागतं, त्याचा प्रधान हेगडी याचंही. नवी जोडपी इथे हमखास दिसतात. नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत आहे. ती कोरड्या, मोकळ्या पायऱ्या बघून करावी, भंडारा साचलेल्या जागी नाही.

आधी कथा, कारण गडावरची प्रत्येक कृती तिच्यातून आली आहे. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांनी मणिचूर्ण पर्वतावरच्या ऋषींना छळलं. शंकरानं मार्तंड भैरवाचा, म्हणजेच खंडोबाचा अवतार घेतला आणि सहा दिवसांच्या लढाईनंतर दोघांना मारलं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंतचं षड्‌रात्र ते हेच. मरताना मणी शरण आला, त्याला देवाजवळ जागा मिळाली. मल्लाचं मस्तक मात्र भक्तांच्या पायांखाली आलं. मल्लाचा अरी म्हणून देव मल्हारी. 'येळकोट'चा अर्थ कानडी 'एळु कोटी' म्हणजे सात कोटी असा लावतात. कर्नाटकात हाच देव मैलार होतो, आंध्र-तेलंगणात मल्लण्णा. पहिली बायको म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. वाणी, धनगर, मराठा, कोळी, देशस्थ ब्राह्मण अशा किती घरांचा तो कुलस्वामी आहे हे पायऱ्यांवरच्या बोलींवरूनच कळतं.

सभामंडपासमोर पितळेनं मढवलेलं प्रचंड कासव आहे. गाभाऱ्यातलं दर्शन गर्दीत क्षणभराचं. मन भरून जे मिळतं ते या कासवावर, कारण तळी इथे भरतात. ती नीट भरावी म्हणून पद्धत सविस्तर देतो.

ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, नाणं आणि मूठभर भंडारा ठेवायचा. तीन, पाच किंवा सात जणांनी, म्हणजे विषम संख्येनं, भोवती बसून ताम्हनाला हात लावायचा. 'हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरीचा चांगभलं, सदानंदाचा येळकोट' म्हणत ताम्हन तीनदा उचलायचं आणि कपाळाला लावायचं. मग सगळ्यांना भंडारा लावून खोबरं वाटायचं. चुकतं ते उचलण्यात. एकानं आधी ओढलं की ताम्हन कलंडतं, म्हणून 'येळकोट'च्या 'ये'वर सगळ्यांनी एकदम उचलावं. उधळायचं खोबरं घरूनच बारीक तुकडे करून आणावं. अख्खी वाटी उंचावरून डोक्यावर पडली की खोक पडते.

भंडाऱ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. भंडारा म्हणजे हळद. भेसळीची भडक पिवळी पूड स्वस्त पडते, पण डोळ्यांत चुरचुरते, श्वास कोंडतो, अंगावर पुरळ येतं. चिमूटभर ओल्या बोटांवर चोळून वास घ्यावा. हळदीचा वास आला नाही तर घेऊ नये. घरची दळलेली हळद नेणं सगळ्यात उत्तम. आणि पेटत्या दिवटीजवळ कधीच उधळू नये. हवेत पसरलेली बारीक पूड ज्योतीला लागली तर क्षणात भडका उडतो. देवाच्या अंगावर आपण जे उधळतो ते निर्मळ असावं, एवढं तरी पाळायलाच हवं.

गडावर दसऱ्याला जड खंडा, म्हणजे तलवार, उचलायच्या स्पर्धा होतात. पानसे बंधूंनी देवाला वाहिलेला तो खंडा सुमारे 42 किलोचा आहे. सोमवतीला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. ताकद असेल तर पुढे डोंगरावरचं कडेपठारही करावं. मूळ ठाणं ते. थकलेल्या भक्तासाठी देव तिथून खाली आला, असं सांगतात. चढ दमवणारा आहे, पाणी सोबत घ्यावं आणि ऊन चढायच्या आत परतावं.

षड्‌रात्रासाठी बसवलेले घट षष्ठीला उठतात. नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि ठोंबरा, म्हणजे शिजवलेली ज्वारी दही-मीठ घालून. चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य केलेल्या घरांत तो नेम याच दिवशी सुटतो. पहिला घास कुत्र्याला घालतात, कारण कुत्रा खंडेरायाचा सोबती.

परतल्यावर कपडे लगेच पाण्यात घालू नयेत. आधी कोरडेच कागदावर झटकावेत, पडलेला भंडारा देव्हाऱ्यात ठेवावा. मग साबण लावला की डाग लालभडक होतो, घाबरायचं कारण नाही; हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लालच होते. भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळत घालावेत. पिवळेपणा उन्हानंच उतरतो.