अजून पाच सेकंद

आम्हा कॅमेरा-साउंडवाल्यांच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला मी खरं तर एकाच कार्यक्रमासाठी जातो. चिटणिसाने हे लिहू नये, पण लिहितो. स्वागत, अहवाल, हिशेबाला मंजुरी, पाहुण्यांचं ‘बदलतं तंत्रज्ञान’ या विषयावरचं भाषण, सगळं यथासांग पार पडतं आणि मी घड्याळाकडे बघत बसतो. मग वर्षभरात गेलेल्या सभासदाबद्दल त्याच्या हाताखाली काम केलेला कुणीतरी बोलायला उठतो. घरच्यांनी किंवा दिग्दर्शकांनी बोलायचं नाही, हा नियम आमचाच. या माणसांना माइकसमोर उभं राहायची सवय नसते. हातातला कागद थरथरतो, दोन ओळींनंतर खिशात जातो आणि तिथून पुढे ऐकण्यासारखं असतं.

यंदा दादांवर बोलायचं होतं. दादा म्हणजे जन्मभर फ्रीलान्स कॅमेरामन. नोकरी एकदा चालून आली होती. सही करायला म्हणून गेले आणि ‘रोज तोच स्टुडिओ, तेच तीन कॅमेरे’ म्हणत परत आले. वहिनींनी नंतर बरीच वर्षं ते ऐकवलं.

बोलायला उठला त्यांचा जुना अटेंडंट. म्हणाला, ‘पहिले सहा महिने दादांनी मला फक्त केबल गुंडाळायला लावली. एक वेढा सरळ, एक उलटा. पीळ पडला की पुन्हा पहिल्यापासून.’ मग म्हणाला, काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, 16 एमएमची मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लागणारा फिल्मचा डबा, भरायला त्यांनीच शिकवलं. चारशे फूट फिल्म, सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे अकरा मिनिटं. तेवढ्यात समोरच्याचं बोलणं कुठे रंगणार, हे ओळखून बटण दाबायचं. व्हिडिओ आला तेव्हा कॅमेरा दादांच्या खांद्यावर आणि रेकॉर्डर याच्या. 1982 मध्ये निघालेल्या बेटाकॅमने दोन्ही एकाच डब्यात आणले. तो आमच्या हाती पडायला आणखी काही वर्षं गेली. ‘माझा खांदा सुटला, दादांचा उजवा कायमचा खाली गेला,’ तो म्हणाला आणि थोडा वेळ थांबला.

1995 नंतर मिनीडीव्हीचे, म्हणजे चिमुकल्या डिजिटल टेपचे, छोटे कॅमेरे आले आणि ज्याच्या हाती तो, तो कॅमेरामन झाला. दादांनीही कर्ज काढून एक घेतला. हप्ते फिटले त्या सुमारास सगळे एचडी मागायला लागले. पैशांचं तर काय सांगावं! काम आज, चेक तीन-चार महिन्यांनी, आणि तोही ‘साहेबांची सही राहिलीय’. 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी, पण साधारण बारा मिनिटांनी फाइल भरायची आणि रेकॉर्डिंग थांबायचं. पोरं वैतागली. दादा खूश! ‘आलात ना परत मॅगझिनवर?’

मी त्यांचा साउंडवाला. टेपच्या जमान्यात माझा मिक्सर त्यांच्या कॅमेऱ्याला केबलने जोडलेला असायचा, त्यामुळे ते धावले की मी धावायचो. ते उलटे चालत शूट करायला लागले की माझा एक हात त्यांच्या पट्ट्यात. पायरी आली की एकदा ओढायचं, खड्डा आला की दोनदा. आमच्यात एवढीच भाषा, आणि एकदाही पडलो नाही. (एकदा पडलो, पण तेव्हा पट्ट्यात हात दुसऱ्याचा होता.)

व्यासपीठावर लावलेला त्यांचा फोटो मोठा करताना धूसर झाला होता. फोकसवरून आयुष्यभर आम्हाला बोलणारा माणूस! म्हणून यंदा भाषणानंतर एक जुनी टेप लावली. एडिटिंगच्या मशीनला वेग पकडायला कटच्या आधी साधारण पाच सेकंदांची टेप लागायची, म्हणून सगळेच बोलणं सुरू होण्याआधी कॅमेरा चालू करायचे. दादा बोलणं संपल्यावरही पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवायचे, आणि पुढे टेपऐवजी मेमरी कार्ड आली तरी ती सवय सुटली नाही. टेपवर एक निवृत्त शिक्षिका बोलून थांबतात. मागून दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो. चित्र हलत नाही. बाई चष्मा काढतात, पदराने काच पुसतात, पुन्हा घालायच्या राहतात. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून दादांचा आवाज, हळू : ‘असू दे, बाई. बसा निवांत.’ पुढे फिल्ममध्ये नेमका हाच तुकडा लागला होता. सभागृहात मात्र आम्ही बघत होतो बाईंकडे आणि ऐकत होतो दादांना.

मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारण नेहमीचं, ‘शिफ्ट लागली’. दादांकडून हातात कॅमेरा घ्यायला शिकलेले किमान पाच जण त्या रांगांत हवे होते. दादा स्वतः शिफ्टपायी चार मेळावे चुकले होते, हेही खरं. पण ते आदल्या रात्री फोन तरी करायचे.

आता आभार, आणि कुणी राहिलं तर हक्काने भांडा. चालू स्थितीतलं टेपचं मशीन जपून ठेवणाऱ्या आमच्या एडिटर ताई. बुरशी आलेली टेप दोन रात्री जागून साफ करणारा त्यांचा भाचा. प्रोजेक्टर देणारे आणि तो ऐन वेळी बंद पडल्यावर दुसरा आणणारे (दोघं वेगळे, गल्लत नको). हॉलचे रखवालदार, ज्यांनी तासभर जास्त दिवे ठेवले. खजिनदार, ज्यांनी त्या तासाचे पैसे कुरकुर न करता दिले. दारात वही घेऊन बसलेली अटेंडंटची मुलगी. येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. आणि शेवटी थांबून केबल गुंडाळणारी ती दोन नवी मुलं. एक वेढा सरळ, एक उलटा. मी उलगडून तपासली.