जाता जाता म्युझियम

मुंबईत फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हा एक पत्ता आहे. बस म्युझियमला सोडते, टॅक्सीवाल्याला म्युझियम सांगितलं की बास, आणि मैत्रिणीला 'म्युझियमसमोर थांब, पाच मिनिटांत पोचते' म्हटलं की ती बिचारी अर्धा तास तिथे उभी राहते, फाटकाच्या बाहेर. आमच्या ऑफिसातले एक सीनियर निवृत्त झाले तेव्हा समोसा-वेफर्सच्या कार्यक्रमात सहज विषय निघाला. अख्खी नोकरी त्या घुमटाकडे बघत केलेला हा माणूस आत कधी गेलाच नव्हता. 'जाऊ की आता,' म्हणाले. 'पळून जातंय का ते?'

म्युझियम पळून जात नाही, कबूल. पण या शहरात बाकी बरंच काही जागचं हललेलं आहे. त्याच म्युझियमपासून चार पावलांवरचा काळा घोडा घ्या. तिथे १८७९ साली राजपुत्र एडवर्डचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा, घोड्यावर बसलेला पुतळा उभा राहिला. मुंबईकरांनी राजपुत्राकडे साफ दुर्लक्ष करून चौकाला घोड्याचं नाव दिलं. १९६५ मध्ये घोडा आणि स्वार दोघांनाही उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, नेऊन ठेवलं. नाव मात्र तिथेच राहिलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं लोक घोडा नसलेल्या काळ्या घोड्याला येत-जात राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा आला, या खेपेला पाठीवर कुणीही नाही.

हे सगळं मी कराडहून आलेल्या मावशीला मोठ्या हौसेनं सांगितलं. तिनं घोड्याला खालून वर न्याहाळलं.

'म्हणजे हा खरा नव्हे?'

'खरा भायखळ्याला आहे.'

'मग आपण इथं काय बघतोय?'

मुंबईकर मुंबई बघतो तो पाहुण्यांच्या पुण्याईनं. एरवी आपण गेटवेला कशाला जातोय? पाहुणे येतात ते चार दिवसांसाठी, त्यातला एक लग्नाचा, एक दवाखान्याचा, एक दादरच्या खरेदीचा. उरलेल्या एका दिवसात हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली, चौपाटी, गेटवे आणि कुठल्या तरी नटाचा बंगला बाहेरून. मुंबई दर्शनच्या बसनं जा की टॅक्सी करून, रात्री घरी आल्यावर सगळ्यांना फक्त पाय आठवतात. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली पाण्याची मोठी टाकी आहे आणि आपण तिच्या छपरावर फिरतोय, हे ऐकून घ्यायलाही कुणी थांबत नाही. पुढचा स्पॉट गाठायचा असतो.

तरी गेटवेवर काका थांबले. ते पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यामुळे बांधकामाशी त्यांची वेगळी ओळख असते. १९११ साली पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, असं मी सांगितलं. त्याच्या स्वागताला नुसती पुठ्ठ्याची प्रतिकृती होती आणि खरी कमान पुरी झाली १९२४ साली. काकांचा चेहरा उजळला. 'तेरा वर्षं! म्हणजे बिलं तेव्हापण अडकायची.' राजाच्या आगमनासाठी बांधलेल्या या दारातून २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण परत गेली. पुरं झाल्यावर जेमतेम चोवीस वर्षांत. काकांनी तेही मनात नोंदवून घेतलं असावं, कारण रात्री जेवताना त्यांनी ते सगळ्यांना पुन्हा सांगितलं, स्वतः निरोपाला हजर असल्यासारखं.

मला मात्र ही ठिकाणं एकटीनं, कामाच्या फटीत बघायला आवडतात. बँकेचं काम लवकर आटोपलं, डॉक्टर उशिरा येणार आहेत, लोकल बंद पडल्या आहेत, अशा वेळी. नियम एकच: एका खेपेला एकच दालन, त्यातलीही एखादीच वस्तू. तिकीट काढलंय म्हणून सगळं बघून वसूल करायचं, हे ताटात वाढलेलं संपवलंच पाहिजे तसं आपल्या अंगात भिनलेलं आहे. संग्रहालयात ते सोडून द्यावं. सोडलं की पाय दुखत नाहीत आणि पाहिलेलं डोक्यात राहतं.

अशा फुटकळ भेटींसाठी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखी जागा नाही. बुधवारी जाऊ नका, बंद असतं. हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणायचे, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. भाऊ दाजी पेशानं डॉक्टर. कुष्ठरोगावर औषध शोधत होते आणि जोडीला संस्कृत शिलालेख वाचत होते. संग्रहालय उभं राहावं म्हणून जगन्नाथ शंकरशेटांबरोबर त्यांनी खटपट केली होती. २००८ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडल्यापासून आतला हिरवा रंग आणि सोनेरी वर्ख असा झळकतो, की आत पाऊल टाकल्याबरोबर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. लग्नाच्या हॉलमध्येही असाच सोनेरी रंग असतो, पण तिथे हा परिणाम होत नाही, का ते ठाऊक नाही.

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, त्यांचे पेहराव, त्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या. तिथे मी कपाटांपेक्षा माणसंच जास्त बघते. येणारा प्रत्येक जण आधी 'आपली' पगडी शोधतो. सापडली की बरोबरच्याला कोपर मारून दाखवतो आणि सापडली नाही की संग्रहालय अपुरं आहे असं जाहीर करतो. जुन्या नकाशांपुढेही तेच. सात बेटं, मधे खाड्या, भरतीचं पाणी आणि आज जिथे गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत तिथे पाणथळ. एका शाळकरी मुलानं नकाशाला नाक लावून बराच वेळ शोध घेतला आणि वडिलांना विचारलं, 'पप्पा, यात डोंबिवली का नाही?' वडील म्हणाले, 'तेव्हा गाड्या नव्हत्या ना.' उत्तर तसं चुकीचं नाही.

बाहेर आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. शेजारच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला धावणारी पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हम्बोल्ट पेंग्विन आले, २०१७ मध्ये लोकांना दिसू लागले आणि बागेचं ५ रुपयांचं तिकीट ५० झालं, तेव्हापासून तर हत्ती बाजूलाच पडला. खरं म्हणजे एका बेटाचं नाव या हत्तीवरून पडलेलं आहे. घारापुरीला पोर्तुगीज उतरले, हा हत्ती त्यांना दिसला आणि त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेननं दगा दिला, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून त्याला पुन्हा उभा केला. आता बेटाला हत्तीचं नाव आणि हत्ती भायखळ्याला, चौकाला घोड्याचं नाव आणि तोही भायखळ्याला. शहरानं नको झालेले साहेबही इथेच पाठवले. राणी व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस आणि इतर मंडळी मागच्या बाजूला आहेत. कुणाचं डोकं गेलंय, कुणाचा हात.

घारापुरीबद्दल एवढंच सांगते, की सोमवारी लेणी बंद असतात आणि लाँचमध्ये जायला एक तास आणि यायला एक तास जातो. हा प्रवास अर्धी सहल आहे. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे जास्त पडतात, ते द्यावेत. ती भव्य त्रिमुखी मूर्ती पाहून माणूस गप्प होतो हे सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. मला जास्त नवल वाटतं ते याचं, की समोर दिव्यांनी लखलखणारी मुंबई रोज बघणाऱ्या त्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून चोवीस तास वीज पोचली ती २०१८ साली.

मणिभवनला मात्र वेगळ्या कारणासाठी जाते. गामदेवीतल्या त्या गल्लीत दुपारी झाडांची सावली असते. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईला आले की इथे उतरायचे. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना याच घराच्या गच्चीवर अटक झाली. परदेशी पाहुणे गाइडबरोबर चरख्याच्या खोलीपुढे उभे असतात आणि आपण मराठी माणसं आधी घरच बघतो: जिना किती चांगला ठेवलाय, खिडक्या सागवानी दिसतात, आज भाव काय असेल.

आता आमच्या बसस्टॉपवाल्या म्युझियमकडे. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचंच हे काम. इमारत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार झाली, पण आधी तिचं लष्करी इस्पितळ झालं आणि लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. आत शिरल्यावर सगळे डावी-उजवीकडे पांगतात. तुम्ही मधल्या दालनातच थांबा आणि वर बघा. ते कोरीव लाकडी खांब आणि कठडे नाशिकच्या एका वाड्यातले आहेत. विकत आणून इथे बसवलेले. कुठल्या तरी नाशिककर घराण्यातल्या बायका ज्या कठड्याला टेकून गप्पा मारत असतील, त्याखालून आज शाळेची रांग 'बोटं ओठांवर' करून जाते. सगळी रांग पोचते शेवटी पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे. वाघ, गवा, रोहित पक्षी. इराकमधल्या निमरुदच्या राजवाड्यातले दगड तिथे येऊन पडलेत, अकबराचं चिलखत आहे, पण पोरांना विचाराल तर म्युझियममध्ये वाघ आहे. मुलांची यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मीही आधी वाघच पाहिला होता.

याच संग्रहालयात एका शिल्पाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. साधारण ३.५ मीटर उंचीचा शिव, एकातून एक उमलत गेलेल्या सात आकृती, खाली वाद्यं वाजवणारे गण. इथे नक्कल आहे, अस्सल शिल्प परळला. १९३१ साली रस्त्याच्या कामात ते जमिनीतून निघालं. पाचव्या-सहाव्या शतकातलं असावं, म्हणजे घारापुरीच्या आसपासचं. गंमत अशी की या गावात एवढ्या मूर्ती, पुतळे, हत्ती, घोडे उचलून इकडचे तिकडे झाले, पण हा निघाला परळला आणि राहिलाही परळलाच, बारादेवीच्या देवळात. तिथे ना कॅप्शन, ना ऑडिओ गाइड. फुलं असतात.

परळच्याच केईएम इस्पितळात एका नातेवाइकाचे रिपोर्ट यायला वेळ होता म्हणून मी तिकडे गेले. पायरीवर एक आजी वाती वळत बसल्या होत्या. कुठून आलात, कुणाकडे आलात, सगळी चौकशी झाली. मी सांगितलं, याचीच प्रतिकृती फोर्टच्या म्युझियममध्ये बघितली होती, म्हणून मूळ बघायला आले.

'तिथं तिकीट असतं ना?' आजींनी विचारलं.

'असतं की.'

'किती?'

मी आकडा सांगितला. त्यांनी वात थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं.

'कॉपीला एवढे?'