ओव्हनचा कंट्रोल बोर्ड: मीटरवर २४ व्होल्ट दिसतात, तरी रिले टिकत नाही

बेंचवर सध्या दोन बोर्ड आहेत, दोन्ही बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हनचे. पहिला साधा टायमर बोर्ड आहे: एलईडी घड्याळ, एकच रिले (कॉइलला वीज मिळाली की मोठा करंट जोडणारा स्विच), आणि तापमान नॉबमागच्या कॅपिलरी थर्मोस्टॅटकडे (बारीक नळीतल्या द्रवाच्या प्रसरणावर चालणारा). दुसरा पूर्ण इलेक्ट्रॉनिक, पीटी १००० सेन्सर (तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर) आणि चार रिलेवाला. पहिल्याचं काम झालं, दुसऱ्याचं अर्धं बाकी आहे.

पेचकस हातात घेण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत असेल, तर बरेच टायमर ओव्हनला सप्लायच देत नाहीत. वेळ लावून मॅन्युअल मोड घेतला की ओव्हन चालू होतो. यात बिघाड काहीच नसतो.

टायमर बोर्ड

लक्षण असं: घड्याळ स्वच्छ, बटणं चालतात. ओव्हन सुरू केला की रिले ‘टक’ करतो, आतला दिवा क्षणभर लागतो आणि लगेच दुसरी ‘टक’ होऊन सगळं बंद. अशा वेळी ‘आयसी गेला, बोर्डच बदला’ असं सर्रास सांगितलं जातं. पण घड्याळ चालतंय, बटण ओळखलं जातंय आणि रिलेला हुकूम सुटतोय, म्हणजे मायक्रोकंट्रोलर (बोर्ड चालवणारा तोच आयसी) शाबूत आहे. शोध सप्लायपासून सुरू करायचा.

इथला सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवायचा आहे: १ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (थेट मेन्सवर लावायच्या सुरक्षित वर्गाचा), त्याच्या सिरीजमध्ये फ्युजिबल रेझिस्टर, हाफ-वेव्ह डायोड, २४ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज २४ वर रोखणारा डायोड) आणि २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (चार्ज साठवणारा कपॅसिटर). याचा अर्थ बोर्डाचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला आहे. न्यूट्रलला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असणं आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. स्कोपची अर्थ क्लिप इथे लावायची नाही, लावायचीच असेल तर मध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. प्लग काढल्यावरही एक्स२ कपॅसिटर १० किलो-ओहमच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करायचा, कारण त्याला समांतर असलेला ब्लीडर रेझिस्टर ओपन झालेला असू शकतो.

रिले बंद असताना २४ व्होल्टची लाइन मोजली तर २३.८ आले. बहुतेक जण इथेच सप्लायला पास करतात आणि रिले, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, शेवटी आयसी अशी भटकंती सुरू होते. तीच लाइन रिले लागताना बघायची. मीटर मिन-मॅक्स मोडवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या) ठेवा, नाहीतर आकडा निसटतो. या बोर्डावर लाइन सेकंदाच्या आत ९ व्होल्टच्या खाली गेली आणि तिथे रिलेने सोडलं.

हिशेब मांडला की कारण उघड होतं. अशा कपॅसिटरवाल्या सप्लायमधून, म्हणजे हाफ-वेव्ह ड्रॉपरमधून, मिळणारा सरासरी करंट म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स गुणिले (पीक-टू-पीक व्होल्टेज वजा झेनर). ५० हर्ट्झ, १ मायक्रोफॅरड आणि ६५० वजा २४ व्होल्ट, म्हणजे साधारण ३१ मिलिअँपिअर. घड्याळ आणि आयसी मिळून ८ घेतात; रिलेची कॉइल १४४० ओहमची, म्हणजे २४ व्होल्टला जवळजवळ १७. बेरीज २५, म्हणून नवा बोर्ड आरामात चालतो. हा एक्स२ कपॅसिटर काढून मोजला तर ०.४२ मायक्रोफॅरड भरला. आता मिळतात जेमतेम १३. घड्याळाला ते पुरून उरतात, म्हणून लाइन २४ वर दिमाखात उभी दिसते. रिले मागितला की कॉइलच्या वाट्याला ५ मिलिअँपिअर, म्हणजे सात-साडेसात व्होल्टच राहतात. पहिली ‘टक’ होते ती इलेक्ट्रोलिटिकमध्ये साठलेल्या चार्जवर.

खात्री करायची सुरक्षित पद्धत: बोर्ड मेन्सपासून पूर्ण सोडवा, बेंच सप्लाय २३ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर लिमिटवर ठेवून झेनरच्या दोन टोकांना लावा. २३ अशासाठी, की झेनर मध्ये येऊ नये. रिले बंद असताना ८, चालू असताना २४ मिलिअँपिअर, आणि रिले धरून राहतो. म्हणजे दोष झेनरच्या अलीकडे, मेन्सच्या बाजूला. (काही बोर्ड मेन्सचं झिरो-क्रॉसिंग, म्हणजे एसी लहर शून्यातून जाण्याची खूण, मिळाल्याशिवाय रिले लावत नाहीत, तिथे रिलेच्या कॉइलला वेगळे २४ व्होल्ट देऊन बघा.)

कपॅसिटन्स का घटतो? फिल्मवरचा धातूचा थर अतिशय पातळ असतो. स्पाइक आला की तेवढा ठिपका जळून कपॅसिटर स्वतःला सावरतो, पण क्षेत्रफळ थोडं कमी होतं. त्यात दमट हवा आणि सतत एसी असेल तर तो थर गंजत जातो. मुंबई-कोकणात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तपासलेला ग्रेड घ्यावा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. एक्स२ ची छाप आणि २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसी रेटिंग हवंच. एलईडी बल्बच्या दुरुस्तीसाठी मिळणारा ‘१०५, ४०० व्होल्ट’ वाला तपकिरी कपॅसिटर इथे नको. ते रेटिंग डीसीचं असतं आणि मेन्सचे स्पाइक सोसायची त्याची चाचणी झालेली नसते. पिनांमधलं अंतर मोजून मगच खरेदीला जा, २२.५ आणि २७.५ मिलिमीटर दोन्ही प्रचलित आहेत.

कपॅसिटरबरोबर इलेक्ट्रोलिटिकही बदलला (३५ व्होल्ट, १०५ अंशाचा). झेनरखालचा पीसीबी तपकिरी झाला होता. ते साहजिक आहे: रिले बंद असताना उरलेला सगळा करंट झेनरच खातो, अर्ध्या वॉटहून जास्त. नवा १.३ वॉटचा झेनर बोर्डापासून ५ मिलिमीटर उंच बसवला. आता रिले चालू असताना लाइन २३.७.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी: स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर असा बोर्ड ठेवू नका. तीव्र चढ-उतारामुळे ड्रॉपरमधून मोठे करंट-पल्स जातात, सिरीज रेझिस्टर तापतो, आणि झिरो-क्रॉसिंगवर चालणारं घड्याळही भरकटू शकतं.

सेन्सरवाला बोर्ड

तक्रार: पदार्थ कच्चा राहतो, डिस्प्लेवर मात्र तापमान पूर्ण. पीटी १००० चे आकडे पाठ असलेले बरे: ० अंशाला १०००, २५ ला १०९७, १०० ला १३८५, २०० ला १७५९ ओहम. सेन्सरच्या टोकाशी मोजलं तर २५ अंशाला बरोबर १०९७. बोर्डाच्या कनेक्टरवर, वायरसह, ११४०. मधल्या ४३ ओहममुळे बोर्डाला ओव्हन ११ अंशांनी जास्त गरम वाटतो आणि तो हीटिंग लवकर तोडतो. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवट थर होता. पिन बदलल्यावर १०९८.

बोर्डाचं वाचन तपासायला सेन्सर काढून त्या जागी १ टक्का टॉलरन्सचा १.५ किलो-ओहमचा रेझिस्टर लावला. डिस्प्लेवर १३० च्या आसपास यायला हवं. १३१ आलं. एडीसी (सेन्सरचं माप आकड्यात बदलणारा भाग) ठीक. ही चाचणी करताना हीटिंग एलिमेंटच्या लग (वायरीच्या टोकाच्या क्लिपा) काढून ठेवा, नाहीतर बोर्डाला खरं तापमान कळणार नाही आणि ओव्हन तापतच राहील.

तरीही ओव्हन सेट तापमानाला उशिरा पोचतो, म्हणून रिलेचे कॉन्टॅक्ट तपासले. इथे बल्बचा लोड पुरत नाही, १०० वॉटच्या बल्बला खराब कॉन्टॅक्टही चांगला वाटतो. लग परत लावून खऱ्या एलिमेंटवर, मीटर ६०० व्होल्ट एसी रेंजवर ठेवून कॉन्टॅक्टच्या दोन टोकांत ड्रॉप बघायचा (कॉन्टॅक्ट उघडला तर तिथे पूर्ण २३० येतात). प्रोब प्लग काढून क्लिपने लावायचे, चालू असताना हात आत नाही. २००० वॉटच्या रिंग एलिमेंटवर, थंड असताना २६ ओहम, ८.७ अँपिअरला निरोगी रिले ०.१ व्होल्टच्या आत राहतो. इथे तीन रिले ठीक आहेत. रिंगच्या रिलेवर ०.९ आले, म्हणजे जवळजवळ ८ वॉट रिलेच्या पोटातच. त्याच्या पिनांभोवती सोल्डरला बारीक गोल तडे आहेत, भिंग लावून तिरप्या उजेडात दिसतात.

तडे जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढून नव्याने भरले, तरी ड्रॉप ०.८ च्या खाली आला नाही. म्हणजे कॉन्टॅक्टच झिजलाय. १६ अँपिअरचा, त्याच फूटप्रिंटचा रिले मागवला आहे. एवढा ड्रॉप २००० वॉटच्या लोडला फारसा कळणारा नाही, त्यामुळे तापायला लागणारा उशीर एवढ्यावर थांबेल असं वाटत नाही. रिले बसवल्यावर रिंग एलिमेंट गरम असताना क्लॅम्प मीटरने करंट आणि त्याच वेळी एलिमेंटच्या लगवर व्होल्टेज, अशी दोन्ही मापं घ्यायची आहेत.