मागे जाऊन पुसलेलं

बुधवार, रात्री दीड

आज ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममधला बॅरन, म्हणजे तिथला जहागीरदार, अंगणातल्या झाडाला लटकलेला दिसला. कंट्रोलर खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

रविवारी टेकडीखाली झाडाच्या मुळांत अडकलेला एक आत्मा भेटला होता. मला सोडव, दलदलीतली अनाथ पोरं मी वाचवतो, म्हणाला. मी पोरांकडे बघून सोडलं. पोरं खरंच वाचली. पण आत्म्याने जवळचं गाव उद्ध्वस्त केलं, आणि पोरं हातची गेली म्हणून दलदलीतल्या चेटकिणींनी शाप देऊन सूड उगवला तो पोरांना सांभाळणाऱ्या ॲनावर. ॲना म्हणजे बॅरनची बायको. शाप उतरला तरी ती वाचली नाही. मग त्याने फास लावून घेतला.

राहवेना म्हणून दुसरी वाट कुठे जाते ते वाचलं. आत्म्याला मारलं असतं तर ॲना जगली असती, भ्रमिष्ट होऊन का होईना. पोरं मात्र गेली असती. म्हणजे सुटका कुठेच नव्हती. आणि मी निवडलं तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं.

‘मास इफेक्ट’ खेळताना मी चांगली वागायचे खरी, पण डोळा पॅरागॉनच्या, म्हणजे भलं वागल्याबद्दल मिळणाऱ्या, गुणांवर असायचा. गुण वाढले की संवादात नवे पर्याय खुले व्हायचे. त्याला चांगुलपणा म्हणायला आता जीभ रेटत नाही. तो हिशेब होता. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे. पैसे आपणच मोजून ठेवायचे. कमी ठेवले तरी ती हटकत नाही, पण गेम आतल्या आत नोंद ठेवतो. इतक्या साध्या प्रसंगात किती मोठं काही मांडलंय!

रविवारचा सेव्ह, म्हणजे तेव्हा जिथवर खेळले होते तिथे परत नेणारी नोंद, अजून आहे. लोड करायचा मोह झाला. पण मग ‘अंडरटेल’ हा गेम आठवला. तिथे टोरिएल वाट अडवते. इतर राक्षसांसारखी तिलाही जरा थकवू, मग सोडून देऊ, असं मला वाटलं होतं. एक घाव जिव्हारी बसला आणि ती मेली. मी घाईघाईने जुना सेव्ह उघडला. या वेळी तिने कितीही हल्ले केले तरी दर खेपेला ‘सोडून दे’ हाच पर्याय निवडत राहिले, आणि ती जगली. वाटलं, झालं, पुसलं गेलं. पुढे ते फूल, फ्लॉवी, भेटलं आणि म्हणालं की तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. आधी मारलंस, मग पस्तावून परत आलीस. अंगावर काटा आला होता. गेमबाहेरच्या मला कुणीतरी पाहिलं होतं.

बॅरनच्या गोष्टीत असं सांगणारं कुणी नाही. परत गेले तर ते फक्त मला माहीत असेल.

रविवारचा सेव्ह आत्ताच डिलीट केला. उद्या त्याच अंगणातून पुढे.